दुसरी भाषा कोणती? : मॅट्रिक ते शालान्त परीक्षा आणि अर्धमागधीचा अभ्यास

माध्यमिक शाळेत पाऊल ठेवणाऱ्या मुलापुढे भाषाविषयाच्या निवडीचा प्रश्न येतो, तेव्हा घरात त्याची फारशी चर्चा होत नाही. गणित आणि शास्त्र यांच्या शिकवणीची चिंता आधी केली जाते. भाषेचा रकाना मात्र थोरल्या भावाने काय घेतले होते, वर्गातील बहुतेक मुले काय घेत आहेत आणि कोणत्या विषयात गुण अधिक पडतात, एवढ्या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर भरला जातो. वस्तुतः या एका रकान्याने महाराष्ट्राच्या विद्याजीवनावर दीडशेहून अधिक वर्षे खोल परिणाम केला आहे. कोणते वाङ्मय वाचणारे लोक पुढच्या पिढीत असतील, कोणत्या ग्रंथांच्या सुलभ आवृत्त्या निघतील आणि कोणत्या पोथ्या भांडारात बांधलेल्याच राहतील, हे पुष्कळ अंशी याच रकान्यात ठरत आले. अर्धमागधी या भाषेचा शालेय विषय म्हणून झालेला उदय आणि पुढे तिला लागलेली ओहोटी हे याचे ठळक उदाहरण होय.

मॅट्रिक आणि अभिजात भाषा

इ. स. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली आणि १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेशपरीक्षा घेण्यात आली. हीच पुढे घरोघरी ‘मॅट्रिक’ या नावाने ओळखली जाऊ लागली. त्या पहिल्या परीक्षेस १३२ विद्यार्थी बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या बावीस जणांपैकी होत. लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर बेतलेल्या या व्यवस्थेत इंग्रजीच्या जोडीला आणखी एक भाषा घ्यावी लागे. प्रारंभी देशी भाषांनाही वाव होता. परंतु १८६० नंतरच्या दशकात महाविद्यालयीन परीक्षांतून देशी भाषा वगळल्या गेल्या आणि त्यांची जागा संस्कृत, लॅटिन, फार्सी अशा अभिजात भाषांनी घेतली. मराठीला उच्च परीक्षांत पुन्हा मानाचे स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे यांनी अखेरपर्यंत प्रयत्न केले. एम. ए.च्या परीक्षेत मराठीचा समावेश १९०१ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनाच्याच वर्षी झाला.

याचा परिणाम सरळ शाळेवर झाला. ज्याला पुढे महाविद्यालयात जायचे आहे, त्याने शाळेतच अभिजात भाषेची तयारी करणे क्रमप्राप्त ठरले, आणि महाराष्ट्रातील बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अभिजात भाषा म्हणजे संस्कृत. डॉ. भांडारकर यांनी शालेय विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली संस्कृतची दोन पाठ्यपुस्तके पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहिली. मॅट्रिकमध्ये संस्कृत विषयात सर्वाधिक गुण मिळविणाऱ्यास मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती हा तर प्रतिष्ठेचा मानबिंदू होता. १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिले आलेले चिंतामणराव देशमुख या शिष्यवृत्तीचे मानकरी होते. पाठ्यपुस्तक, शिक्षक, परीक्षा आणि पारितोषिक अशी साखळी एकदा जुळली की विषय रुजतो, हे संस्कृतच्या उदाहरणावरून दिसून आले.

मात्र हे दार सर्वांना खुले नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना मुंबईतील शाळेत संस्कृत शिकावयाचे होते. परंतु अस्पृश्यतेच्या रूढीमुळे त्यांना त्या वर्गात बसू दिले गेले नाही आणि दुसरी भाषा म्हणून त्यांना फार्सी घ्यावी लागली. फार्सी घेऊनच ते १९०७ मध्ये मॅट्रिक उत्तीर्ण झाले. संस्कृतचा अभ्यास त्यांनी पुढे स्वप्रयत्नाने केला. भाषेची निवड ही निवड करणाऱ्याच्याच हाती असते असे नाही, ही कटू वस्तुस्थिती या घटनेने कायमची नोंदविली आहे.

पाली आणि प्राकृत यांचा प्रवेश

संस्कृतच्या बरोबरीने भारतात आणखीही प्राचीन भाषा नांदल्या आणि त्यांत विपुल वाङ्मय आहे, याची जाणीव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विद्वानांना होऊ लागली. १८७४ मध्ये जॉर्ज ब्यूलर यांच्यासमवेत जेसलमेरच्या ग्रंथभांडारास भेट देणारे जर्मन पंडित हर्मान याकोबी यांनी आचारांग आणि कल्पसूत्र यांचे इंग्रजी भाषांतर १८८४ मध्ये, तर उत्तराध्ययन आणि सूत्रकृतांग यांचे १८९५ मध्ये प्रसिद्ध केले. डॉ. भांडारकर यांनी १८७७ मध्ये दिलेल्या विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानांत पाली व प्राकृत भाषांचा विस्ताराने परामर्श घेतला. रिखार्ट पिशेल यांचे प्राकृत भाषांचे बृहद्‌व्याकरण १९०० मध्ये जर्मनीत निघाले. विद्वानांच्या पातळीवर प्राकृताला मान्यता मिळाली. परंतु शाळेच्या वेळापत्रकात तिला स्थान नव्हते.

या बाबतीत पालीने आधी वाट मोकळी केली. गोव्यातून ज्ञानाच्या शोधात बाहेर पडलेले धर्मानंद कोसंबी नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा प्रवास करून परतले. महाराष्ट्रातच राहून काम करावे म्हणून बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा पन्नास रुपयांचे साहाय्य दिले. १९१२ ते १९१८ या काळात कोसंबी यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. पु. वि. बापट यांच्यासारखे पालीचे पुढील काळातील नामवंत अभ्यासक त्यांच्या शिष्यवर्गातून पुढे आले. एक शिक्षक आणि त्याच्यापुढे बसणारे मोजके विद्यार्थी एवढ्या बळावर एक भाषा विद्यापीठात उभी राहू शकते, हे महाराष्ट्राने येथे पाहिले.

जैन समाजातही याच सुमारास शिक्षणाची चळवळ मूळ धरीत होती. १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची आणि १९०२ मध्ये श्वेतांबर जैन कॉन्फरन्सची स्थापना झाली. १९१५ मध्ये मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय सुरू झाले. मुलांसाठी वसतिगृहे काढावीत, त्यांना इंग्रजी शिक्षण द्यावे आणि त्याबरोबर आपल्या आगमवाङ्मयाचाही परिचय घडवावा, असा या प्रयत्नांचा रोख होता. धर्मशिक्षणाचा स्वतंत्र वर्ग भरवणे वेगळे आणि विद्यापीठाने आपल्या परीक्षेत त्या वाङ्मयाच्या भाषेला विषय म्हणून स्वीकारणे वेगळे. पहिल्यात श्रद्धा पुरेशी असते. दुसऱ्यासाठी व्याकरण, शुद्ध संहिता, टीपा, शब्दकोश आणि शिकविणारे पदवीधर लागतात.

हे साहित्य पुढील वीस वर्षांत सिद्ध झाले. १९१७ मध्ये वुल्नर यांचे प्राकृतप्रवेशाचे इंग्रजी पुस्तक निघाले. हरगोविंददास शेठ यांचा ‘पाइअ-सद्द-महण्णवो’ हा कोश १९२३ ते १९२८ या काळात कलकत्त्यास प्रसिद्ध झाला, आणि मुनिश्री रत्नचंद्रजी यांच्या सचित्र अर्धमागधी कोशाचे खंड १९२३ पासून निघू लागले. महाराष्ट्रात डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात अध्यापन करीत असतानाच हेमचंद्राचे प्राकृत व्याकरण १९२८ मध्ये संपादित केले. त्यापाठोपाठ उवासगदसाओ, निरयावलियाओ, विवागसुयं अशा आगमग्रंथांच्या सटीप आवृत्त्या त्यांनी १९३० ते १९३३ च्या दरम्यान काढल्या. या आवृत्त्यांच्या पुढे प्रामुख्याने विद्यार्थी होता. संहिता सुवाच्य, प्रस्तावना नेमकी, शेवटी शब्दार्थ, अशी त्यांची मांडणी असे. जे ग्रंथ एरवी साधुवर्गाच्या आणि भांडारांच्या परिघात राहिले असते, ते परीक्षेच्या निमित्ताने माफक किमतीत सामान्य कुटुंबातील मुलाच्या दप्तरात आले.

कोल्हापूरचे वर्ग

या साखळीचे सर्वांत भक्कम केंद्र कोल्हापूर ठरले. बेळगाव जिल्ह्यातील सदलगा या गावी १९०६ मध्ये जन्मलेले डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये १९३० मध्ये एम. ए. झाले आणि त्याच वर्षी राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे अध्यापक म्हणून रुजू झाले. १९६२ पर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षे, त्यांनी तेथे हाच विषय शिकविला. मातृभाषा कन्नड, कार्यक्षेत्र मराठी मुलखात आणि लेखन बहुतांशी इंग्रजीत अशी त्यांची जडणघडण होती. १९३५ मध्ये त्यांनी आचार्य कुंदकुंद यांच्या प्रवचनसाराची आवृत्ती सिद्ध केली. प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाची कथा सांगणारे कुतूहल कवीचे ‘लीलावई’ हे महाराष्ट्री प्राकृतातील काव्य त्यांनी १९४९ मध्ये प्रकाशात आणले. उद्द्योतनसूरींच्या ‘कुवलयमाला’ या इ. स. ७७९ मधील ग्रंथाचे संपादनही त्यांचेच. निरनिराळ्या प्रांतांतील व्यापाऱ्यांचे वर्णन करताना त्या ग्रंथात मरहट्ट लोकांचा आणि त्यांच्या बोलीचा उल्लेख येतो, म्हणून मराठी भाषेच्या इतिहासात त्याला विशेष महत्त्व आहे. १९६६ मध्ये अलीगढ येथील अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे अध्यक्षपद डॉ. उपाध्ये यांना लाभले.

डॉ. अमृत माधव घाटगे यांचे ‘इंट्रोडक्शन टु अर्धमागधी’ हे पुस्तकही कोल्हापुरातच छापले गेले आणि त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. हेच डॉ. घाटगे पुढे पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातील संस्कृत महाकोशाचे प्रधान संपादक झाले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील प्राकृत महाकोशाची धुराही त्यांनी वाहिली. विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या व्याकरणापासून महाकोशापर्यंतचा हा एकाच व्यक्तीचा प्रवास पाहिला म्हणजे शिक्षणाच्या पायाभूत पायरीवरील विषयनिवडीचा आणि सर्वोच्च संशोधनाचा संबंध किती निकटचा आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. वर्गात मुले होती म्हणून अध्यापकाची जागा होती. अध्यापकाची जागा होती म्हणून संशोधनाला अवकाश मिळाला.

येथे एक बाब नमूद करणे अगत्याचे आहे. श्वेतांबर परंपरेचे आगम अर्धमागधीत आहेत, तर कुंदकुंदादी दिगंबर आचार्यांचे ग्रंथ शौरसेनीत आहेत आणि उत्तरकालीन कथावाङ्मय बव्हंशी महाराष्ट्रीत आहे. अभ्यासक्रमातील विषयाचे नाव ‘अर्धमागधी’ असले तरी त्या दाराने आत जाणाऱ्यास या तिन्ही दालनांत वावरता येत असे. संप्रदायभेद वर्गाबाहेर राहिले. दक्षिण महाराष्ट्रातील दिगंबर घराण्यातील मुले श्वेतांबर आगमांतील उतारे तितक्याच आस्थेने वाचीत, आणि त्यांच्या शेजारी जैनेतर विद्यार्थीही असत.

मराठी मुलाला ही भाषा जवळची का वाटे

जैनेतर विद्यार्थ्यांनी हा विषय घेण्यामागे एक व्यावहारिक कारण होते. संस्कृतच्या तुलनेत त्याचे व्याकरण सुटसुटीत आहे. द्विवचन नाही, चतुर्थीचे कार्य बहुतांशी षष्ठीच करते आणि क्रियापदांच्या रूपांचा पसाराही आटोपशीर आहे. शब्दरूपांच्या पाठांतराला कंटाळलेल्या मुलाला हा मोठाच दिलासा वाटे.

दुसरे कारण अधिक मोलाचे आहे. या भाषेत मराठी मुलाला स्वतःच्या बोलीचे पूर्वरूप दिसते. संस्कृतातील ‘हस्त’ येथे ‘हत्थ’ होतो आणि मराठीत ‘हात’. ‘कर्ण’चा ‘कण्ण’ आणि मग ‘कान’. ‘दुग्ध’चे ‘दुद्ध’ आणि मग ‘दूध’. ‘अग्नी’ची ‘अग्गि’ आणि मग ‘आग’. ‘सप्त’, ‘अष्ट’ यांचे ‘सत्त’, ‘अट्ठ’ आणि मग ‘सात’, ‘आठ’. जोडाक्षर आधी द्वित्त होते, मग द्वित्त जाऊन मागचा स्वर दीर्घ होतो, हा नियम एकदा ध्यानात आला की आपण रोज बोलतो ते शब्द दोन हजार वर्षांची वाट चालून आले आहेत, हे चौदा वर्षांच्या मुलालाही उमगते. नाणेघाटातील सातवाहनांचा शिलालेख प्राकृतात आहे. मावळातील पाले येथील लेण्यात ‘नमो अरहंतानं’ या अक्षरांनी आरंभ होणारा ब्राह्मी लेख आहे, तोही प्राकृतातच. हाल सातवाहनाच्या नावे असलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे; स. आ. जोगळेकर यांनी १९५६ मध्ये मराठी भाषांतरासह तिची विस्तृत आवृत्ती काढली, तेव्हा मराठी वाचकाला आपल्याच भूमीतील प्राचीन लोकजीवन पुन्हा भेटले.

ओहोटीची कारणे

स्वातंत्र्यानंतर परीक्षेची रचना पालटली. मुंबई प्रांतात मॅट्रिकच्या जागी १९४९ पासून एस. एस. सी. परीक्षा आली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि १९६६ पासून राज्य परीक्षा मंडळाचा कारभार सुरू झाला. कोठारी आयोगानंतर १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने त्रिभाषासूत्राचा पुरस्कार केला. मातृभाषा, हिंदी आणि इंग्रजी या तीन भाषांनी वेळापत्रकातील भाषेच्या तासिका व्यापल्या. राष्ट्रीय दृष्टीने हे सूत्र कितीही सयुक्तिक असले, तरी अभिजात भाषेला पूर्वी जी स्वतंत्र आणि हक्काची जागा होती ती आक्रसली. संस्कृतनेही संयुक्त अभ्यासक्रमात हिंदीबरोबर पन्नास-पन्नास गुणांची वाटणी स्वीकारून आपले स्थान टिकविले. संख्येने लहान असलेल्या विषयांची स्थिती त्याहून नाजूक झाली. १९७५ मध्ये दहावीचा नवा आकृतिबंध आला. त्यानंतर विज्ञान शाखेकडे धाव वाढली आणि भाषेकडे केवळ टक्केवारीची भर घालणारा विषय म्हणून पाहिले जाऊ लागले.

अर्धमागधीला ‘सोपा विषय’ हा लौकिक याच काळात बाधक ठरला. सोपा म्हणून घेतलेला विषय मार्गदर्शकांतील प्रश्नोत्तरे पाठ करून सोडविला जाई आणि परीक्षेनंतर विसरला जाई. त्याहून मोठा आघात शिक्षकांच्या निवृत्तीने झाला. एखाद्या शाळेतील अर्धमागधीचे शिक्षक निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी त्या विषयाचा पदवीधर मिळाला नाही, तर पुढील वर्षी तो विषय त्या शाळेतून नाहीसा होतो. विषय शाळेत नाही म्हणून महाविद्यालयात विद्यार्थी नाहीत, आणि महाविद्यालयात विद्यार्थी नाहीत म्हणून शाळेला शिक्षक नाहीत. जी साखळी १९३० च्या सुमारास जुळली होती, तीच आता उलट दिशेने फिरू लागली.

याचा दोष केवळ शासनाच्या धोरणाला देऊन चालणार नाही. पालीचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातील बौद्ध समाजाने पालीकडे आत्मीयतेने पाहिले. स्वतः डॉ. आंबेडकरांनी पालीचे व्याकरण आणि शब्दकोश यांचे काम केले होते. राज्य शासनाने ते १९९८ मध्ये त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले. अभ्यासक्रमाची चौकट दोन्ही भाषांना एकच होती. ज्या समाजाने आपली मुले वर्गात पाठविली, त्याची भाषा वर्गात राहिली. जैन समाजाने मंदिरे, धर्मशाळा, रुग्णालये आणि शाळा यांसाठी सढळ हाताने दान केले. परंतु आपल्याच शाळांतून आपल्या आगमांच्या भाषेचा तास बंद होत असताना त्याची फारशी खंत केली नाही. पाथर्डीच्या तिलोक रत्न धार्मिक परीक्षा बोर्डासारख्या संस्थांनी शाळेबाहेर परीक्षा घेऊन ही उणीव अंशतः भरून काढली, हे कृतज्ञतेने नोंदविले पाहिजे. तथापि धार्मिक परीक्षेत अर्ध्याहून अधिक भार श्रद्धेवर असतो. व्याकरणाच्या शिस्तीने स्वतंत्रपणे संहिता लावता येणे, ही सिद्धी शाळेतील चार-पाच वर्षांच्या नियमित तासिकांतूनच येते.

परिणाम घराघरांतून दिसतो. नमोकार मंत्र मुखोद्गत आहे, पर्युषणात प्रतिक्रमणाची सूत्रे शुद्ध म्हटली जातात; पण त्यांतील विभक्ती कोणती आणि क्रियापद कोणते, हे सांगू शकणारी व्यक्ती कुटुंबात क्वचितच सापडते. पाठ उरला, अर्थ भाषांतराच्या हवाली झाला. ज्या भगवान महावीरांनी पंडितांच्या भाषेऐवजी लोकांना कळणाऱ्या भाषेत उपदेश केला असे परंपरा सांगते, त्यांचीच वाणी त्यांच्या अनुयायांना कळेनाशी व्हावी, यासारखा विपर्यास दुसरा नाही.

नवी संधी

अलीकडच्या दोन घटनांनी या विषयाला पुन्हा उजेडात आणले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शाळांतून पर्याय म्हणून उपलब्ध करावयाच्या अभिजात भाषांमध्ये पाली आणि प्राकृत यांचा नामनिर्देश आहे. त्यानंतर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली या पाच भाषांना अभिजात भाषेचा दर्जा दिला. मराठी आणि प्राकृत यांना एकाच दिवशी हा मान मिळावा, यात एक औचित्य आहे. मराठीच्या अभिजाततेसाठी प्रा. रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जो अहवाल सिद्ध केला, त्यात मराठीच्या प्राचीनत्वाचा धागा महाराष्ट्री प्राकृतापर्यंत नेलेला आहे. मराठीचा अभिमान बाळगणाऱ्याला प्राकृताकडे पाठ फिरविता येणार नाही.

दर्जा राजधानीत मिळतो. भाषा मात्र वर्गात जगते. इतिहासाचा दाखला असा की विद्यापीठाच्या मान्यतेनंतर अर्धमागधी उभी राहिली ती वैद्य, उपाध्ये, घाटगे यांच्यासारख्या अध्यापकांमुळे आणि त्यांच्यापुढे बसलेल्या मुलांमुळे. आजही एखाद्या संस्थेने आपल्या एका शाळेत आठवीपासून हा विषय सुरू ठेवण्याचे ठरविले, त्यासाठी एका शिक्षकाच्या वेतनाची तरतूद केली आणि दरवर्षी दहा-पंधरा पालकांनी आपल्या पाल्यांची नावे त्या वर्गात नोंदविली, तर ही साखळी पुन्हा सुलट फिरू शकते. त्यासाठी फार मोठ्या निधीची नव्हे, तर सातत्याची आवश्यकता आहे.

भाषेचा तो रकाना भरताना आई-वडिलांनी घटकाभर थांबून मुलाशी बोलावे, त्याला या भाषेचे एखादे पान दाखवावे आणि मग निर्णय त्याच्यावर सोपवावा. त्याने संस्कृत घेतली, हिंदी घेतली किंवा परदेशी भाषा घेतली, तरी त्यात उणे काही नाही. परंतु अर्धमागधी नावाचा पर्याय आहे, हेच ठाऊक नसल्यामुळे तो रकाना भरला जाऊ नये. बाबासाहेबांना जे दार बंद मिळाले, त्यापुढे त्यांनी स्वतःची वाट काढली. आपल्या मुलांपुढे दार उघडे आहे. ते उघडे असल्याचे त्यांना कोणीतरी सांगितले पाहिजे.